काय कशाला चिकटतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल लागला की नागपुरात माळ्यावरून कूलर खाली येतो, त्याच्यासोबत वर्षभर "नंतर पाहू" म्हणून ठेवलेल्या मोडक्या वस्तू पण खाली येतात, आणि शाळा सुटल्यामुळे पोरं घरात क्राफ्ट घेऊन बसतात. त्यामुळे या वेळी आलेले प्रश्न बहुतेक सगळे चिकटवण्याचेच आहेत. एक गोष्ट सगळ्यांच्या पत्रात दिसली, ती म्हणजे "सगळ्यात स्ट्राँग कोणतं ते सांगा". माझं म्हणणं असं की स्ट्राँग कोणतं हे विचारायच्या आधी वस्तू कशाची आहे, तिच्यावर जोर कोणत्या बाजूने येतो आणि ती उन्हात-पाण्यात राहणार आहे का हे बघा. हे तीन कळले की अर्धं काम झालंच.

भाऊ, कूलर काढला तर टाकी खालून गळून राहिली. लोखंडी टाकी आहे, एका कोपऱ्यात गंजून बारीक भोक पडलं. दोन गोळे मळून लावतात ती पुट्टी लावली, आठ दिवसांत पोपडा होऊन निघाली. आता टाकीच बदलावी लागते का? (एक ताई, मानेवाडा)

ताई, टाकी फेकू नका. पुट्टी गंजाला चिकटली होती आणि गंज टाकीला चिकटलेला नव्हता, म्हणून दोघं सोबतच सुटून आले. एम-सील किंवा तसली कोणतीही इपॉक्सी पुट्टी लावायची तर खालचं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासावं लागतं, आणि हेच काम लोक टाळतात कारण कंटाळवाणं आहे.

सगळ्यात आधी कूलरचा प्लग बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गळका कूलर, ओली फरशी आणि लोखंडी बॉडी, यातून शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, तेव्हा हे मी प्रत्येक वेळी सांगणार. मग टाकी रिकामी करून उन्हात पूर्ण वाळवा, आपल्या उन्हात त्याला वेळ लागत नाही. भोकाच्या चारही बाजूंनी दोन-तीन इंच तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने घासा, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून. घासलेली जागा थिनरच्या फडक्याने पुसा आणि ती वाळू द्या. आता पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घ्या, अंदाजे नाही, खरंच सारखे, कारण एक भाग जास्त झाला तर ती कधीच पूर्ण कडक होत नाही. हातमोजे घालून तोवर मळा जोवर दोन रंगांच्या रेघा दिसणं बंद होऊन एकच रंग येतो. उन्हाळ्यात ती लवकर कडक व्हायला लागते म्हणून थोडी थोडीच मळा, आणि शक्यतो सकाळी किंवा दिवेलागणीला करा.

लावायची आतल्या बाजूने, हे महत्त्वाचं. आतून लावली की पाण्याचा दाब पुट्टीला भोकात दाबतो, बाहेरून लावली की तोच दाब तिला ढकलून काढतो. कडा अंगठ्याने पातळ करत न्या, उभी कड राहिली तर तिथूनच उचलते. एक पूर्ण दिवस पाणी भरू नका. मग आतून डांबराचा हात मारा, आपल्याकडे बरेच जण मारतातच. आणि एक परीक्षा आधी करून घ्या, भोकाच्या आजूबाजूला पेचकसाने जोरात दाबून पाहा, पत्रा दबत असेल किंवा पेचकस आरपार जात असेल तर तिथे चिकटवायला काही उरलंच नाही, मग वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा मारून घ्या.

याच पत्रात तुम्ही प्लास्टिकच्या बादलीबद्दल पण विचारलंय. बादली उलटी करून बुडाशी त्रिकोण बघा, त्यात २ किंवा ५ आकडा असेल तर ती पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची आहे, आणि या प्लास्टिकवर घरातला जवळपास कोणताच गोंद टिकत नाही, इन्स्टंट ग्लू पण नाही आणि इपॉक्सी पण नाही. ही प्लास्टिकं मेणासारखी निसटती असतात. त्यांना गरम हत्याराने वितळवून जोडतात तेच खरं काम. तसा कारागीर नसेल मिळत तर त्या बादलीत झाड लावा, पैसे ट्यूबवर घालवू नका.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाची दोन बोटं इन्स्टंट ग्लूने चिकटली, मी घाबरून ओढली तर कातडी निघाली. पुन्हा असं झालं तर काय करायचं? आणि देव न करो डोळ्यात गेलं तर? (एक आई, सक्करदरा)

हा प्रश्न मी यावेळचा सगळ्यात महत्त्वाचा मानतो, म्हणून उत्तर मोठं आहे, पूर्ण वाचा आणि घरात जो कोणी ती छोटी ट्यूब वापरतो त्याला पण वाचायला द्या.

ती ट्यूब म्हणजे सायनोअॅक्रिलेट. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे त्यांच्या हाती लागलं आणि ज्याला त्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. विक्रीला आलं ते १९५८ मध्ये. ते वाळून घट्ट होत नाही, ओलाव्याने घट्ट होतं, आणि आपल्या कातडीवर ओलावा कायम असतोच, म्हणून कप राहतो बाजूला आणि बोटं आधी चिकटतात.

बोटं चिकटली तर ओढायची नाहीत. ओढलं की गोंद सुटत नाही, कातडी फाटते. कोमट पाण्यात साबण घालून हात बुडवून ठेवा, पाच-दहा मिनिटं, लागली तर जास्त, मग बोटं एकमेकांवर हळूहळू गोल फिरवा, पेन्सिल बोटांमध्ये फिरवतो तसं. कडेपासून सुटत येतं. थोडं खोबरेल तेल पण मदत करतं. मोठ्या माणसाच्या बोटांवर अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, पण जखमेवर नाही, तोंडाजवळ आणि डोळ्याजवळ तर अजिबात नाही, आणि गॅसजवळ बसून नाही कारण ते लगेच पेट घेतं. लहान पोरांना मात्र साबणपाणीच. पांढरी कपची कातडीवर राहिली तरी काळजी नको, एक-दोन दिवसांत ती आपोआप गळून पडते. तुमच्या मुलाची कातडी निघाली तिथे जखम स्वच्छ धुऊन ठेवा, लाल होऊन सुजत असेल तर डॉक्टरला दाखवा.

ओठ चिकटले तर कोमट पाणी लावत राहा आणि आतून लाळेने ओलं ठेवायला सांगा, जोर लावून उघडू नका. थेंब तोंडात गेला तर तो लगेच कडक होतो, तो टणक तुकडा गिळू न देता बाहेर काढायचा.

डोळ्यात गेलं तर डोळा चोळायचा नाही, पापण्या ओढून उघडायच्या नाहीत. भरपूर स्वच्छ, शक्यतो कोमट पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, ओली स्वच्छ पट्टी वर ठेवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, रात्र असेल तर मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयोच्या सरकारी दवाखान्यात, सकाळची वाट बघू नका. पापण्या चिकटल्या तरी बहुतेक वेळा काही दिवसांत सुटतात, पण आत डोळ्याच्या काचेला ओरखडा पडलाय का हे डॉक्टरच पाहू शकतात. अॅसिटोन, तेल, गुलाबपाणी, काहीच डोळ्यात घालायचं नाही. आणि एक फार कळकळीने सांगतो, ती ट्यूब डोळ्यांच्या ड्रॉपच्या शेजारी, औषधाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कधीच ठेवू नका. चष्मा काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन्ही छोट्या बाटल्या सारख्याच लागतात, असे अपघात खरंच होतात.

अजून एक जे पाकिटावर बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही. हा गोंद कापसावर, सुती कपड्यावर किंवा लोकरीवर सांडला तर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की त्यात चटका बसेल एवढी उष्णता तयार होते, धूर पण निघू शकतो. म्हणून सुती हातमोजे घालून हे काम करू नका आणि सांडलेला गोंद कापसाने किंवा बनियनच्या चिंधीने टिपू नका. कपड्यावर पडला आणि गरम लागलं तर त्यावर लगेच गार पाणी ओता. हातात घालायला साधे पॉलिथिनचे पातळ मोजे चांगले, त्यांना तो फारसा धरत नाही.

पोरांच्या हातात ही ट्यूब द्यायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या प्रोजेक्टला पांढरा फेविकॉल पुरतो, थोडा वेळ लागतो एवढंच.

मे महिन्यात इन्स्टंट ग्लू पटकन का धरत नाही? पावसाळ्यात तर हात लावला की धरतो. (कॉलेजचा विद्यार्थी, खामला)

बरोबर निरीक्षण आहे. वर सांगितलं तसं त्याला ओलावा लागतो, आणि आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. दोन्ही पृष्ठभागांपैकी एकावर तोंडाने हा करून वाफ सोडा आणि मग जोडा, फरक दिसेल. आणि जास्त लावून जास्त पक्कं होत नाही, उलट होतं, जाड थराच्या आत ओलावा पोचत नाही म्हणून तो आत ओलाच राहतो. बोटाच्या नखाएवढ्या जागेला एक थेंब बास. भेग रुंद असेल तर त्यात खाण्याचा सोडा भरून वरून थेंब सोडतात लोक, ते चालतं, दगडासारखं कडक होतं, फक्त त्या क्षणी गरम होतं आणि वाफ निघते, तेव्हा चेहरा लांब ठेवा.

माळ्यावरून आजोबांच्या वेळचा लाकडी नंदी सापडला, एक शिंग आणि चाकाकडचा पाय सुटलाय. नातवाला तान्ह्या पोळ्याला हाच द्यायचा आहे. इन्स्टंट ग्लू लावला, खाली ठेवला की पुन्हा सुटतो. (एक आजी, महाल)

आजी, फार छान विचार आहे, हा नंदी नक्की उभा राहील. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण, आणि दुकानातला नवा नंदी आणि घरातला जुना नंदी यात फरक असतोच.

इन्स्टंट ग्लू सरळ ओढायला घट्ट असतो पण धक्क्याला आणि वाकण्याला कच्चा, आणि पोरगं नंदी ओढत नेणार म्हणजे धक्केच धक्के. शिवाय लाकूड तो पिऊन टाकतं. लाकडाला लाकूड जोडायचं असेल आणि सांधा नीट बसत असेल तर पांढरा फेविकॉलच पाहिजे, तो लाकडाच्या आत शिरून धरतो.

पण आधी जुनं काढा. फेविकॉल आपल्याकडे १९५९ मध्ये आला, त्याच्या आधीचे सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा. तुमचा नंदी तेवढा जुना असेल तर सांध्यावर पिवळट-तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर दिसेल. तो सरस गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकला की मऊ होतो आणि खरवडून निघतो. इन्स्टंट ग्लूचा नवीन थर मात्र पॉलिश पेपरनेच घासावा लागेल. जुन्या गोंदावर नवीन गोंद लावला तर तो लाकडापर्यंत पोचतच नाही, वरच्या मानेवाड्याच्या ताईंच्या टाकीच्या गंजाचं जे झालं, तेच इथे होतं.

कोरडं, कोरं लाकूड दिसलं की दोन्ही बाजूंना पातळ हात, जोडा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती ताणून गुंडाळा. दाब हवाच, दाब नसला की फेविकॉल नुसता वाळतो, धरत नाही. बाजूने बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा नाहीतर नंतर रंग तिथे बसत नाही. पूर्ण दिवस हलवू नका. पायावर चाकाचा भार येतो म्हणून तिथे नुसत्या गोंदावर विसंबू नका, बारीक भोक पाडून त्यात बांबूची काडी गोंदासकट ठोका. आणि सांध्याचा कपचाच उडाला असेल, मध्ये पोकळी असेल, तर तिथे अराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी घ्या, ते पोकळी भरून धरतं, फेविकॉल भरत नाही.

चपलेचे सोल उन्हाळ्यात सुटतात, रबर सोल्युशन लावतो, तरी सुटतात. आणि लावताना डोकं जड होतं. (मिहानमध्ये नोकरी करणारा, मनीषनगर)

डोकं जड होणं आधी बघू. पिवळसर घट्ट रबरवाल्या गोंदात टोल्युइनसारखं द्रावक, म्हणजे गोंद पातळ ठेवणारं आणि उडून जाणारं रसायन असतं, त्याची वाफ नाकात जाऊन चक्कर येते, मळमळतं, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीजवळ साचते. खोलीत बसून, दार लावून हे काम करू नका. गच्चीवर किंवा अंगणात करा, आणि जवळपास गॅस, देवासमोरचा दिवा, मच्छरची अगरबत्ती, सिगारेट काही पेटतं नको. गॅलरीत करत असाल तर वारा तुमच्याकडून डब्याकडे जाईल असं बसा. डबा लगेच बंद करा, आणि घरात वयात येणारी पोरं असतील तर डबा कुलपात, कारण काही मुलं तो हुंगायला लागतात आणि त्याने हृदय अचानक बंद पडू शकतं, पहिल्याच वेळी सुद्धा.

आता सोल. हा गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि जोडायची घाई करायची नाही. बोट लावलं तर गोंद बोटाला येत नाही इतका सुकू द्यायचा, डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं, आपल्या उन्हाळ्यात सावलीत पण त्याआधीच होतं, म्हणून घड्याळ न बघता बोट लावून बघा. बहुतेक लोक ओला असतानाच चिकटवतात आणि द्रावक आत अडकून राहतं, मग सांधा दोन दिवसांनी सरकतो. सुकल्यावर एकदाच नीट जुळवून जोरात दाबा, हातोडीने हलके ठोके द्या, कारण या गोंदात किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोरात दाबलं ते मोजलं जातं. लावायच्या आधी सोलला जुना गोंद आणि माती पॉलिश पेपरने काढा, चप्पल धुतली असेल तर एक दिवस वाळवा. एवढं करून बुटाचं टोक पुन्हा उघडत असेल तर चांभारदादाकडून दोन टाके मारून घ्या, टोकावर साल काढल्यासारखा सोलायचा जोर येतो आणि सोलायच्या जोरापुढे कोणताही गोंद हळूहळू हरतो. दुपारी गाडीच्या डिक्कीत चपला ठेवू नका, तिथली उष्णता हा गोंद मऊ करते.

कुंदनची रांगोळी आणि तोरणं करून विकते. कुंदनवर पांढरी धुरकट डागं येतात, आणि ग्लू गनचं तोरण एका गिऱ्हाईकाच्या दारावर गळून पडलं. (गृहिणी, वर्धमान नगर)

ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरा धूर म्हणजे इन्स्टंट ग्लूची वाफ, ती चकचकीत गोष्टीवर जाऊन बसते, जास्त लावलं आणि बंद डब्यात ठेवलं की जास्तच. गोंद कमी लावा, पंख्याची हलकी हवा राहू द्या, लगेच पॅक करू नका. आरसे आणि कुंदनसाठी मी तर ज्वेलरीचा पारदर्शक लवचिक गोंद घ्या म्हणेन, तो हळू धरतो पण डाग पाडत नाही आणि वाकला तरी तडकत नाही. इतवारीत क्राफ्टच्या सामानाच्या दुकानात विचारा.

ग्लू गनची काडी ही वितळणारी वस्तू आहे, तिने गरम होऊन चिकटवलं आणि गरम होऊनच सोडलं. पश्चिमेचं दार, लोखंडी ग्रिल, मे महिना, तिथे ती मऊ होणारच. बाहेर लावायच्या तोरणात मणी दोऱ्याने किंवा तारेने ओवा, गोंद नुसता जागेवर धरायला. गन वापरताना ती उभी ठेवा आणि बाजूला गार पाण्याचं भांडं असू द्या, गरम गोंद बोटावर पडला तर आधी पाण्यात हात घाला, ओरबाडू नका, कातडी निघते.

थोडक्यात विचारलेले

चहाच्या कपाचा कान तुटला: इपॉक्सीने जुळतो, पण मग त्यात पेन ठेवा, गरम चहा नको. घरगुती गोंद खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नसतात आणि उकळत्या गोष्टीने कान हातात राहायची भीती आहे.

कुकरची मूठ हलते: चिकटवायची नाही. स्क्रू घट्ट करा, मूठ तुटली तर त्याच कंपनीची नवीन बसवा. गॅसच्या नळीला पण कोणताही गोंद किंवा टेप नाही, नळी बदला.

हेल्मेटच्या आतला थर्माकोल निघाला: रबरवाला गोंद थर्माकोल विरघळवतो, हेल्मेट बाहेरून दिसतं तसंच आणि आतून निकामी. नवीन घ्या.

चष्म्याची दांडी: इन्स्टंट ग्लू नको, वाफ काचेवर बसते आणि कोटिंग जातं. चष्मेवाला स्क्रू किंवा दांडी बदलून देतो.

इपॉक्सी हाताला लागून पुरळ आलं: काहींना त्याची अॅलर्जी होते आणि एकदा झाली की प्रत्येक वेळी होते, म्हणून पहिल्या दिवसापासून नायट्राईल नावाच्या रबराचे हातमोजे. हाताला लागलं तर थिनरने धुऊ नका, ते कातडीच्या आत नेतं, साबणाने धुवा.

उघडलेली ट्यूब आठवड्यात दगड होते: तोंड टिश्यूने एकदा पुसून झाकण घट्ट लावा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत उभी ठेवा. न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवता येते, वेगळ्या डब्यात नाव लिहून, खाण्याच्या वस्तूंपासून दूर आणि पोरांचा हात पोचणार नाही तिथे. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, गार ट्यूब उघडली की बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्या तोंडावर जमतं आणि ती तिथेच बंद होते. बंद झालेल्या तोंडात सुई घालताना ट्यूब चेहऱ्यापासून लांब धरा आणि दाबू नका, आतला दाब एकदम सुटून थेंब उडतो.